एकत्र राहिलो नाही, मग व्हिसा कोणता?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं घेऊन देते.

"ताई, मी २९ वर्षांची, मूळची सांगलीची, नोकरीसाठी पुण्यात. तो मेलबर्नला असतो, तिथला पर्मनंट रेसिडेंट आहे. एका मैत्रिणीच्या लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओळख झाली, त्याला अडीच वर्षं झाली. तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी सांगलीला आमच्या घरी आला, आईबाबांना भेटला. दोन्ही घरून होकार आहे. पण आम्ही एका घरात कधीच राहिलेलो नाही. एजंट म्हणतो, लिव्ह-इन नाही म्हणजे पार्टनर व्हिसा विसरा. टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडेच लग्न लावा आणि तिथूनच फाइल टाका. नाहीतर दोघांच्या नावाचा मागच्या तारखेचा भाडेकरार करून देतो म्हणाला. आई म्हणते, रजिस्टर लग्न गुपचूप उरकून घ्या, खरं लग्न पुढच्या वर्षी थाटात करू. आणि मला स्वतःला वाटतं, लग्नाआधी थोडे दिवस तरी त्याच्याबरोबर राहून बघावं. हे अजून कुणाजवळ बोललेले नाही. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

भाडेकरारापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं सावकाश ठरवता येईल, पण हे आजच मिटायला हवं. तो कागद करू नकोस. तयार करून ठेवला असेल तर त्यावर सही करू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांत ४०२० क्रमांकाची एक अट आहे. अर्जात खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली, तर तो अर्ज फेटाळला जातोच, शिवाय ही अट ज्या ज्या व्हिसाला लागू आहे त्यांची दारं पुढची तीन वर्षं बंद होतात. कागद एजंटने बनवला, मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटका होत नाही. अर्ज तुझ्या नावाचा असतो.

आणि ज्यासाठी हा उपद्व्याप करायचा, ती गरजच मुळात नाही. एजंटने तुला चुकीचं सांगितलं आहे.

तिथल्या १९५८ च्या मायग्रेशन कायद्यात जोडीदार दोन प्रकारचे धरले जातात. एक विवाहित आणि दुसरे लग्न न करता जोडीदार म्हणून असलेले, ज्यांना तिकडे डी फॅक्टो म्हणतात. दोघांनाही कायदा साधारण तेच विचारतो. नातं खरं आणि चालू आहे का, दोघांची एकमेकांशी बांधिलकी आहे का, आणि ते एकत्र राहतात का, किंवा निदान कायमचे वेगळे राहत नाहीत ना. हे शेवटचं "किंवा" तुझ्या कामाचं आहे. नोकरी, व्हिसा, घरची रीत यामुळे आज दोन देशांत असणं आणि कायमचं वेगळं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं, की डी फॅक्टो नात्यासाठीसुद्धा जोडपं आधी एका घरात राहिलेलंच असलं पाहिजे असं कायद्यात म्हटलेलं नाही. विवाहितांबाबत तर प्रश्नच नाही. आपल्याकडे मुलगा महिन्याची रजा काढून येतो, लग्न होतं, सत्यनारायण होतो, जोडीने जेजुरीला जाऊन येतात आणि तो परत जातो. मग मुलगी इथून अर्ज करते. अशा किती मुली आज मेलबर्न-सिडनीत संसार करताहेत! त्यांच्यापैकी कुणाकडे लग्नाआधीचा भाडेकरार होता?

आता रस्ते कोणते, ते सांगते. डी फॅक्टोचा आधी बाजूला ठेवू. त्यात अर्जाआधी किमान १२ महिने तसं नातं असल्याचं दाखवावं लागतं आणि नुसत्या भेटीगाठींचा किंवा ऑनलाइन नात्याचा काळ त्यात धरला जाईलच असं नाही, हे व्हिसा देणारं तिथलं सरकारी खातं स्वतःच सांगतं. व्हिक्टोरियासारख्या काही राज्यांत नातं सरकारदरबारी नोंदवता येतं आणि तसं केलं की १२ महिन्यांची अट सुटते. पण नातं खरोखर नवराबायकोसारखं आहे हे दाखवण्यातून नोंदणीने सुटका होत नाही. तुम्ही दोघं आज स्वतःला "लग्न ठरलेले" म्हणता, आणि तुमच्या घरचेही तसंच म्हणतात. मग कागदावर वेगळं काही म्हणायला का जावं? शिवाय तुम्हाला लग्न करायचंच आहे. हा रस्ता ज्यांना लग्न करायचं नाही किंवा करता येत नाही त्यांच्यासाठी मोलाचा आहे, तुमच्यासाठी आडवळणाचा.

तुमच्यापुढे खरे रस्ते दोन आहेत. लग्न इथे करून ३०९ क्रमांकाच्या पार्टनर व्हिसासाठी अर्ज करायचा, किंवा लग्नाआधी ३०० क्रमांकाच्या व्हिसासाठी, ज्याला प्रॉस्पेक्टिव्ह मॅरेज व्हिसा म्हणतात.

३०९ चा हिशेब सरळ आहे. लग्न कायदेशीर हवं. किती महिने झाले पाहिजेत अशी अट नाही. त्याच अर्जात पुढचा १०० क्रमांकाचा कायमचा व्हिसाही येतो, पण त्याचा विचार साधारण अर्ज केल्यापासून दोन वर्षांनी होतो, आणि तेव्हा तुमचा संसार चालू आहे का ते पुन्हा पाहतात. ३०९ वर नोकरी करता येते आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मेडिकेअरमध्ये नाव घालता येतं. फी मात्र जड आहे. नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, म्हणजे पाच लाखांच्या पुढेच धर. दरवर्षी १ जुलैला ती बदलते, आणि अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही. म्हणून घाईने अर्धवट अर्ज टाकणं परवडत नाही. निकालाला किती काळ लागेल याचा नेम नाही, वर्ष सहज उलटतं. लग्न होऊन तू पुण्यात आणि तो तिकडे, असा एखादा दिवाळसणही जाईल, याची मनाची तयारी दोघांनी आणि दोन्ही घरांनी आधीच करायला हवी.

३०० चा व्हिसा ज्यांचं लग्न ठरलंय पण झालेलं नाही अशांसाठी. अर्ज ऑस्ट्रेलियाबाहेरून करायचा. दोघं सज्ञान झाल्यावर प्रत्यक्ष भेटलेले हवेत, नुसती व्हिडिओ कॉलवरची ओळख चालत नाही. तुम्ही दोनदा भेटला आहात, तो प्रश्न मिटला. लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीचं तारीख ठरल्याचं पत्र लागतं. व्हिसा मिळाला की ९ ते १५ महिन्यांची मुदत असते. त्या मुदतीत तिथे जायचं, लग्न करायचं आणि तिथूनच ८२० क्रमांकाच्या पार्टनर व्हिसाचा अर्ज करायचा. लग्न तिकडेच लावायला हवं असं नाही, सांगलीला येऊन मांडव घातला तरी चालतो. नोकरी करायलाही परवानगी असते, पण मेडिकेअर नाही, म्हणून आरोग्यविम्याचा खर्च धरावा लागतो. फी ३०९ इतकीच, आणि वर ८२० साठी दीड हजार डॉलरच्या घरात वेगळी. निकालाची वाट यातही पाहावी लागतेच, त्यामुळे "लवकर मिळतो" असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नकोस. वाट पाहता पाहता लग्नाचा मुहूर्त आला आणि लग्न झालं, तर घाबरायचं कारण नाही. खात्याला तसं कळवायचं, मग तोच अर्ज ३०९ चा म्हणून पुढे चालवता येतो.

इथे तुझ्या आईच्या सुचवण्याकडे येते. रजिस्टर लग्न आधी, थाटाचं नंतर, यात गैर काही नाही, कित्येक घरांत तसं करतात. अडचण आहे ती "गुपचूप" या भागाची. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असला पाहिजे, म्हणजे तू पुण्यात आहेस तेवढं पुरे. मग नोटीस, पुढे ३० दिवस थांबणं आणि तीन साक्षीदार. तो येणार, सही करणार, आणि त्या दिवसापासून तुम्ही नवराबायको. मग अर्जात लग्नाची तारीख तीच. पण ही गोष्ट मामा-काकांना ठाऊक नसेल, पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर "शुभविवाह" म्हणून दुसरीच तारीख छापली असेल आणि ओळखीतला माणूस पाठिंब्याच्या पत्रात "यांचं लग्न अजून व्हायचंय" असं लिहून देत असेल, तर फाइलमध्ये एकाच लग्नाच्या दोन कहाण्या होतात. फाइल पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तुमच्या घरातली गंमत कळणार नाही, त्याला विसंगती दिसेल. सामाजिक ओळख, म्हणजे चारचौघांत तुम्ही जोडपं म्हणून ओळखले जाता का, ही पाहण्याची एक मुख्य बाब आहे. लपवलेलं लग्न नेमकं तिथेच कमी पडतं. रजिस्टर करायचं असेल तर पेढे वाटून करा. समारंभ नंतर करणार असाल तर अर्जात तसं दोन ओळींत लिहा. आणखी एक जपायला हवं. देवळात घरच्या घरी सप्तपदीसह लग्न उरकलं आणि नोंदणी केली नाही म्हणून "अजून लग्न झालेलं नाही" असं समजून ३०० चा अर्ज टाकला, असं होऊ देऊ नका. आपला कायदा विधीने झालेलं लग्नही लग्नच मानतो. साखरपुडा मात्र खुशाल करा आणि फोटो नीट ठेवा.

टुरिस्ट व्हिसाचा एजंटने सांगितलेला मार्ग मला नको वाटतो. तिथे गेल्यावर लग्न करून तिथूनच अर्ज करायला कायद्याने सरसकट मनाई नाही, हे खरं. पण व्हिजिटर व्हिसा मागताना तू लिहून देतेस की मी थोडे दिवस राहून परत येणार. मनात परत न येण्याचा बेत ठेवून तसं लिहिणं म्हणजे पहिल्याच पावलाला खोटं बोलणं. विमानतळावर विचारपूस झाली, बॅगेत लग्नाचा शालू आणि सगळी मूळ सर्टिफिकेटं निघाली, तर काय उत्तर देशील? शिवाय पुष्कळदा व्हिजिटर व्हिसावर ८५०३ क्रमांकाची अट घालतात, आणि ती असली की तिथून ८२० चा अर्ज करताच येत नाही.

आता तू कुणाजवळ न बोललेलं. सगळ्या पत्रात मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

लग्नाआधी त्याच्याबरोबर थोडे दिवस राहून बघावं असं वाटणं, यात अविश्वास नाही आणि निर्लज्जपणाही नाही. तू नोकरी, गाव, आईबाबा सोडून दुसऱ्या गोलार्धात जाणार आहेस. तो घरी कसा वागतो, पैसे कसे खर्च करतो, थकल्यावर कसा बोलतो, स्वयंपाकघरात हात लावतो की नाही, हे फोनवर कळत नाही. आणि हेच करायला तो टुरिस्ट व्हिसा खऱ्या अर्थाने कामाचा आहे. ६०० क्रमांकाचा व्हिजिटर व्हिसा माग आणि अर्जात खरं कारण लिही, की माझं ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला भेटायला, त्याचं घर-गाव पाहायला जाते आहे. कंपनीचं रजेचं पत्र जोड, परतीचा बेत दाखव, आणि ठरलेल्या दिवशी खरोखर परत ये. तीन-चार आठवडे खूप होतात. त्या दिवसांत फिरणं कमी कर. तो कामावर जातो त्या दिवशी त्याच्या घरात काय असतं ते पाहा. सोमवारी किराणा आणायला, कपडे धुवायला, बिलं भरायला त्याच्याबरोबर राहा. तुझं मन स्थिर व्हायला याचा उपयोग होईल, आणि तिथलं राहणं पुढे अर्जातही खरेपणाने मांडता येईल.

आईबाबांना काय सांगायचं, हा प्रश्न उरतो. त्यांना फसवू नकोस. बाबांना सरळ सांग, "मी जिथे राहायला जाणार आहे ते घर आधी डोळ्यांनी बघायचंय." स्थळ पाहायला आपण मुलाच्या घरी जातोच, तसंच हे. बाबा फारच बिचकले तर त्यांनाही बरोबर ने. त्यांचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, खर्च वाढेल, पण मेलबर्नच्या त्या घरात चार दिवस बाबा राहिले तर पुढची निम्मी काळजी मिटेल.

ते करून आल्यावर मन राजी असेल तर माझं मत इथे लग्न आणि ३०९ च्या बाजूने आहे. ३०० मध्ये व्हिसाची मुदत लग्नाच्या तारखेवर दाब आणते, नोकरी सोडून तू तिकडे आणि लग्न व्हायचं बाकी, अशा स्थितीत काही बिनसलं तर मुदतीआधी परत यावं लागतं. तुझ्याकडे दोन्ही घरांचा होकार आहे, लग्न इथे होऊ शकतं, मग ती जोखीम कशाला? जिथे घरून विरोध आहे किंवा मुलाला इथे येणं शक्यच नाही, तिथे मी ३०० सुचवलं असतं.

पुरावे कसे मांडायचे, याबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण लांब राहणारी जोडपी इथेच गडबडतात. खातं चार बाजूंनी पाहतं. पैशांचे व्यवहार, घर कसं चालतं, लोकांत ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. घर एकत्र नाही, म्हणून ती बाजू कोरी सोडायची नाही. "आम्ही एका घरात राहिलो नाही" असं आपण होऊन लिहायचं, का राहिलो नाही ते लिहायचं, आणि भेटींत जे दिवस एकत्र गेले ते तारखांसह सांगायचे. बोर्डिंग पास, तिकिटं, हॉटेलची बिलं ठेवली असतील तर काढ. पैशांच्या बाबतीत उगीच नवं काही रचू नकोस. तुझ्या पीएफला किंवा विम्याला लग्नानंतर त्याचं नाव नॉमिनी म्हणून लाव, तिकिटांचा खर्च कुणी किती केला ते बँकेच्या स्टेटमेंटवरून दाखव. चॅटची हजार पानं छापू नकोस, कुणी वाचत नाही. प्रत्येक दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान घे, ज्यात घरातला काही निर्णय, आजारपण, भांडण, समजूत दिसेल. हो, भांडणसुद्धा. खऱ्या नात्यात ते असतंच.

दोघांनी आपापलं निवेदन वेगवेगळं लिहायचं. तिथे बहुतेकजण "आमचं एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे" असं लिहितात. ते खरं असेल, पण त्यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी तुमचा साधा दिवस लिहा. तुझे सकाळचे साडेसात म्हणजे तिथे दुपारचे बारा, आणि ऑक्टोबर ते एप्रिल तिथली घड्याळं पुढे सरकली की एक. तू ऑफिसला निघण्याआधी तो जेवणाच्या सुट्टीत फोन करतो, रात्री नऊला तू जेवायला बसतेस तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून शनिवारचं निवांत बोलणं तुझ्या दुपारी ठेवलंय, असं काही असेल तर ते लिही. बाबांच्या ऑपरेशनला त्याने कुणाला फोन केले, त्याच्या भाड्याच्या घराचं ठरताना तुला व्हिडिओवर खोल्या कशा दाखवल्या, हे लिही. तुझ्या पत्रात यातलं काही नाही, पण अडीच वर्षांत असं काही ना काही घडलेलं असणारच. दोघांच्या निवेदनांत लहानसहान आठवणी थोड्या वेगळ्या निघाल्या तर बिघडत नाही. शब्दशः एकसारखी असली तर मात्र शंका येते. तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या माणसांची पत्रं ८८८ क्रमांकाच्या फॉर्मवर लागतात. ज्यांनी तुम्हाला खरंच एकत्र पाहिलंय अशांचीच घे, मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसांची नको.

त्यालाही काही प्रश्न विचार, आणि संकोच न करता विचार. आधी कुणाला जोडीदार म्हणून स्पॉन्सर केलं आहे का? आयुष्यात दोनदाच करता येतं आणि दोन्हींमध्ये साधारण पाच वर्षांचं अंतर लागतं. तो स्वतः पार्टनर व्हिसावर गेला असेल तरीही तशीच पाच वर्षांची अडचण येते. पोलिसात काही नोंद आहे का? स्पॉन्सरलाही पोलिस सर्टिफिकेट द्यावं लागतं, आणि हिंसेचा गुन्हा असला तर खातं ते तुला कळवू शकतं. त्याच्या तोंडून आधी कळलेलं बरं.

आणि हे लिहिताना मनाला जड जातं, पण लिहिते. तिथे गेल्यावर त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी छळ केला, "व्हिसा माझ्या हातात आहे, परत पाठवीन" अशी धमकी दिली, तर ती खरी मानू नकोस. व्हिसा देणं वा काढून घेणं सरकारच्या हातात असतं, नवऱ्याच्या नाही. आणि कौटुंबिक हिंसेमुळे नातं तुटलं तरी पार्टनर व्हिसाचा अर्ज पुढे चालवण्याची सोय कायद्यात आहे. १८०० ७३७ ७३२ हा तिथला चोवीस तास चालणारा मदतीचा नंबर आहे, आणि १३१ ४५० वर दुभाषी मिळतो. हे दोन्ही नंबर आईजवळ लिहून ठेव. ते वापरायची वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं.

एजंटचं काय करायचं? पैसे दिले नसतील तर देऊ नकोस. दिले असतील तर पावती माग, आणि पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर या आठवड्यातच परत आण. अर्ज तुम्ही दोघं स्वतः ऑनलाइन भरू शकता. मदत हवीच असेल तर त्याला मेलबर्नमध्ये नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा या कायद्याचा वकील गाठायला सांग. नोंदणीकृत एजंटला सरकारी नोंदणी क्रमांक असतो, आणि तो सरकारी यादीत तपासता येतो. तासाभराच्या सल्ल्याचे पैसे जातील, पण तुमच्या तारखा आणि कागद समोर ठेवून नेमकं उत्तर मिळेल. जाताना व्हिजिटर व्हिसाचं, त्याच्या स्पॉन्सर होण्याचं आणि रजिस्टर लग्नाच्या तारखेचं, हे तीन प्रश्न लिहून घेऊन जायला सांग.